पिवळ्या कुरडया

माझ्या आईला रिकामं बसलेलं मी आयुष्यात एकाच उन्हाळ्यात पाहिलं, आणि त्यात निम्मा दोष माझा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना तर नाहीच नाही. आता सत्तरी ओलांडली, मला रागवेल असं वरचं माणूस कोणी उरलं नाही, तेव्हा सांगून टाकते.

नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला आमची सात घरांची एक ओळ होती. कवेलूच्या छपराची बुटकी घरं, सगळ्यांसमोर मिळून एकच लांब अंगण आणि कोपऱ्यात एक नळ, त्यावर सकाळी बादल्यांची झुंबड. पहिलं घर आमचं, शेवटचं सुशीलाकाकूंचं. बाबा कचेरीत कारकून, सायकलनं जायचे-यायचे. आईचं माहेर नरखेडकडलं. मामा शेती करायचा. हिवाळ्यात संत्री आणि उन्हाळा लागता लागता गव्हाचं पोतं एसटीच्या टपावरून यायचं. संत्री आली की आई आधी सहा घरांचे सहा वाटे काढायची आणि उरलेली आमच्यासमोर ठेवायची. बाबा म्हणायचे, "अवं, आपल्याही घरी कोणी संत्रं खाते म्हणा!" ती म्हणायची, "खा ना, तुम्हाले कोण नाई म्हणून राहिलं?" आणि टोपलीतलं सगळ्यात मोठं त्यांच्या हातात द्यायची. तेवढ्यावर बाबा गप्प. बाबांना गप्प करणं फार सोपं होतं, आणि ती कला आईला चांगली साधली होती.

आईचे आभार मानायचे दोन प्रकार होते. 'आभार', 'धन्यवाद' असले शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. पहिला प्रकार असा की कोणाकडचं काही खाल्लं, की दुसऱ्या दिवशी नळावर त्या बाईला गाठून नेमकं काय आवडलं ते सांगायचं. "छान झालं होतं" एवढ्यावर ती भागवत नसे. "काल वरणात लसूण तू उतरवल्यावर घातला ना वं? तरीच! मी म्हणलं असा वास आपल्या हातानं काहून येत नाई." त्या बाईचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू. दुसरा प्रकार म्हणजे आलेलं भांडं कधी रिकामं परत जायचं नाही. ते तर तेव्हा सगळ्याच घरी होतं, पण बाकीच्या बाया चिमूटभर साखर घालून मोकळ्या व्हायच्या. आई साखरेला कामचुकारपणा म्हणायची. चटणी करेल, शेंगदाण्याचे लाडू वळेल, काही नाही तर ज्वारीच्या लाह्या फोडेल, पण भांड्यात स्वतःच्या हातचं काहीतरी घालेलच. आणि ते पोचवायला कोण जाणार? मी! सात घरांत मी जितकी भांडी वाहिली, तितकी कोणा टपालवाल्यानं पत्रं वाहिली नसतील.

उन्हाळ्याच्या वाळवणाचाही आमच्या ओळीत एक रिवाज होता. प्रत्येक घराचा एक दिवस ठरलेला. त्या दिवशी सातही घरच्या बाया त्या घरी जमायच्या, त्यांच्या कुरडया, शेवया, पापड करून द्यायच्या, आणि पुढच्या दिवशी पुढचं घर. अंगणात बाजा टाकायच्या, त्यांवर जुनी धोतरं, आणि नागपूरचं ते ऊन! सकाळी घातलेली कुरडई दुपारच्या जेवणापर्यंत खुळखुळ वाजायची. बाया तोंडानं एकमेकींची सासरं धुवायच्या, हातानं काम चालू. आम्ही पोरी कावळे हाकायला. कोणाचा दिवस चुकला असं कधी झालं नाही. कोणाकडे सुतक आलं तर दिवस पुढे जायचा, पण चुकायचा नाही.

आणि कुरडयांचा दिवस कोणाच्याही घरचा असो, चीक शिजवायचा तो आईनंच. ज्यांनी कधी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून ठेवायचे. खाली पांढराशुभ्र चीक बसतो. तांबडं फुटायच्या आत गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाण्याचं आधण ठेवायचं आणि त्यात चीक ओतत, लाकडी चाटूनं घाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच, आणि कच्चा उतरवला की कुरडईचे तुकडे. आई पदर खोचून, दोन्ही पाय रोवून घाटायची. डोळे बंद करायची मध्येच. मी विचारलं तर म्हणाली, "ऐकून राहिली मी. शिजला का त्याचा आवाज जड होते." मग गंजावर झाकण टाकून घरच्या बाईला म्हणायची, "घे, काढ आता साचा." आम्हा पोरांना वाटीवाटी गरम चीक मिळायचा, वर कच्चं तेल आणि तिखट. जीभ भाजायची, तरी वाटी पुढे व्हायची. तिच्या हातच्या कुरडया तळल्या की दुधासारख्या पांढऱ्या फुलायच्या. आमच्या ओळीतली लग्नं त्या कुरडयांवर झाली आहेत, थट्टा नाही.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून आठ-दहा दिवस झाले असतील. आई नळावरून बादली घेऊन येता येता दारातच बसली. बसली म्हणजे खालीच गेली. बादली सांडली आणि तिला वाटलं आपला पाय घसरला. उठायला गेली तर उजवा पाय नाही, उजवा हात नाही, तोंड एका बाजूला ओढलेलं. अर्धांगाचा झटका. मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, वीस दिवस काढून ती बाजेवर घरी आली तेव्हा बोलणं बोबडं झालं होतं, पण समजत होतं.

आता माझ्या आईचं कौतुक ऐका. डॉक्टरांनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे पोरायचं खेळणं मले नको. कणीक दे." मग ती पडल्या पडल्या उजव्या हातात कणकेचा गोळा धरायची, डाव्या हातानं त्या बोटांवर दाब द्यायची, एकदा, दोनदा, शंभरदा. त्याच कणकेच्या पोळ्या मी लाटायची. बाबा म्हणायचे, आजकाल पोळ्या मऊ होतात बरं का! येईल त्याला ती सांगायची, "आज आंगठा हालला." दुसऱ्या दिवशी, "आज आंगठ्याच्या बाजूचं बोट." जणू घरात रोज कोणी ना कोणी पाहुणा येऊन राहिला आहे. रडली नाही. मी रडत होते, मागच्या दारी जाऊन, आणि बाबा सायकल पुसण्याच्या निमित्तानं.

सध्या मी नागपुरातच बेसाला राहते, पाचव्या मजल्यावर. गुडघ्यासाठी एक मुलगी व्यायाम करवून घ्यायला येते. फार गोड पोरगी आहे, पण मी पाय चार बोटं वर उचलला की टाळ्या वाजवते, "आजी, व्हेरी गुड!" मला असा राग येतो! तिची काय चूक? तिला वाटतं म्हातारीला बरं वाटेल. पण त्या टाळ्या वाजल्या की मला आईचा तो उन्हाळा आठवतो आणि वाटतं, बाई गं, मी पण हेच केलं होतं.

झालं असं. माझी मॅट्रिकची परीक्षा आटोपली होती. सैपाक, भांडी, आईचं सगळं करून मी मेटाकुटीला आले होते. एका सकाळी सुशीलाकाकू नळावर मला हळूच म्हणाल्या, "सुमे, यंदा तुमच्याकडचा दिवस कसा करायचा वं? वयनीचं तं असं." त्या माणूस म्हणून सोनं. आई दवाखान्यात होती तेव्हा वीस दिवस आमच्या घरी त्यांनीच भाजी पोचवली. मी एका क्षणात म्हणून टाकलं, "राहू द्या ना काकू यंदा. आईला त्रास होईल." आईला त्रास! खरं सांगू? त्रास मला होणार होता. तीन दिवस पाणी बदलणं, वाटणं, पिळणं, सात बायांचा चहा. मला नको होतं ते. काकूंचे डोळे भरून आले, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती जपते वं आपल्या मायले!" आणि मी ते कौतुक खाली मान घालून घेतलं. लाज वाटली का? त्या वेळी नाही वाटली, हे सांगायची आता वाटते.

दिवस सुरू झाले. पहाटे अंगणात चुली पेटायच्या, आई बाजेवरून कान देऊन ऐकायची. आमच्या दाराशी येऊन बाया विचारपूस करायच्या. "तुम्ही आराम करा वयनी, काही काळजी करू नका." आमचा दिवस येऊन गेला. आमच्याकडे कोणी आलं नाही, आईनंही काही विचारलं नाही. आणि मे महिना सरत आला तशी सुशीलाकाकूंच्या पुढाकारानं सहा घरांतून सहा डबे आले. प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या कुरडया, पापड, शेवया आमच्यासाठी काढलेल्या. माझ्या मनात आलं, बघा, किती मोठ्या मनाची माणसं! होतीच. आजही म्हणते, होतीच. आईनं प्रत्येकीचा हात डाव्या हातात धरला, हसली, "बरं केलं बाई" म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं कणीक घेतली नाही. मी हातात गोळा दिला तर तिनं तो बाजेवर ठेवून दिला. भिंतीकडे तोंड केलं. कोणी विचारलं तर अंगठ्याचं नाही सांगितलं, बोटाचं नाही. चार दिवस. चार महिन्यांचं आजारपण मला भ्यायला लावू शकलं नाही, त्या चार दिवसांनी लावलं. बाबा संध्याकाळी तिच्या उशाशी बसून कचेरीतल्या गमती सांगायचे. ती ऐकायचीही नाही. डॉक्टर म्हणाले होते की व्यायाम सुटला तर हात तसाच राहून जाईल. ती बाजेवरची होऊन जाईल आणि मी पाहत राहीन, एवढंच मला दिसत होतं.

पाचव्या दिवशी मी सहा डबे घासून पुसून काढले, त्यांत चमचा चमचा साखर घातली आणि निघाले. मागून आवाज आला.

"कोठी चालली?"

"डबे द्यायला."

"काय घातलं त्यायच्यात?"

मी म्हटलं, "साखर."

ती कोपरावर उठली. आजारपणानंतर स्वतःहून पहिल्यांदा उठली ती अशी, संतापानं. "साखर? मी मेली का वं? माह्या घरून साखरेचे डबे जातीन?" बोबड्या बोलात ते इतकं भयंकर वाटलं की माझ्या हातातला डबा पडला आणि सगळ्या खोलीत साखर झाली. तिला धाप लागली होती. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "यंदा आपला दिवस नको, हे कोणं सांगतलं त्यायले?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिचा तो ओढलेला चेहरा समोर होता. मी म्हटलं, "मी."

"काहून?"

"मला कंटाळा आला होता," मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. आईनं पडलेल्या डब्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती परत भिंतीकडे वळेल. ती म्हणाली, "साखर गोळा कर, मुंग्या येतीन. आन् गहू भिजव."

बाबा ऐकून घाबरलेच. "अवं, आता कुरडया? लोकायचं सगळं वाळवण डब्यात गेलं. आभाळ यायचे दिवस आले." आई म्हणाली, "अजी, तुम्ही फक्त सगळ्यायच्या घरी सांगून या, शनिवारी आमचा दिवस हाय म्हणून. आंगणात चूल मांडून द्या." बाबा तसेच, चप्पल घालून निघाले. सातही घरी निरोप गेला. त्यांतलं एक घर आमचंच, हे घाईत त्यांच्या लक्षात आलं नाही. परत येऊन आम्हालाही सांगितलं, शनिवारी या!

शनिवारी तांबडं फुटायच्या आत बाया आल्या. कोणी हसेना, कोणी बोलेना. आजाऱ्याच्या घरी बसतात तशा बसल्या. आईची बाज बाबांनी चुलीजवळ आणून ठेवली होती. आधण उकळलं. आईनं सांगितलं तसा मी चीक ओतायला घेतला, आणि अर्ध्यातच चाटू जड झाला. गुठळ्या! माझे हात भरून आले, डोळ्यांत धूर. सुशीलाकाकू लगबगीनं उठल्या, "दे वं पोरी, मी करतो." आई म्हणाली, "बस सुशीला. हात नको लावू. दिवस माह्या घरचा हाय." आणि ती बाजेवरून उतरली. बाबा पुढे झाले, त्यांना तिनं नजरेनंच थांबवलं. घसटत घसटत माझ्या शेजारी पाटावर बसली, डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि घाटू लागली. काय जोर होता त्या एका हातात! चार महिने दोन हातांचं काम करून तो तयार झालेला. गुठळ्या फुटत गेल्या. तिनं डोळे मिटले. मीही मिटले. पहिल्यांदाच मला ऐकू आलं, चीक पुटपुटतो ते आधी हलकं, मग दाटून, मग जड. "आता," ती म्हणाली, "झाक."

साचे फिरले. धोतरांवर कुरडया पडल्या. उजाडल्यावर पाहिलं तर सगळ्या पिवळट. सगळ्या बाया एकदम, "छान झाल्या, वा! किती नाजूक!" दुसऱ्या घरच्या मिश्राभाभी तर टाळी वाजवून म्हणाल्या, "दीदी, बहुत बढ़िया बनी है!" आईनं एक कुरडई उचलून उजेडात धरली. "काय की बढ़िया, भाभी? पूरी पीली पड गयी." मग माझ्याकडे वळून, "दुसऱ्या दिवशीचं पाणी बदललं नाई ना वं तू?" नव्हतं बदललं. विसरले होते. कबूल केलं. आई म्हणाली, "पिवळ्या तं पिवळ्या. वाळू द्या." आणि दोन दिवसांनी सहा डब्यांत त्याच पिवळ्या कुरडया भरून तिनं मला ओळीत फिरवलं. माझी मान वर होईना. प्रत्येक घरी सांगायचं होतं, "आईनं दिल्या, यंदा पिवळ्या झाल्या, पाणी बदलायचं मी विसरले." शब्द न् शब्द तिनं पाठ करून घेतला होता. सुशीलाकाकूंनी डबा उघडला, आत पाहिलं, आणि एक कुरडई उचलून पुन्हा आत ठेवली. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "माहे उडदाचे पापड राहिले हाये. परवा सकाळी सात वाजता ये म्हणा वयनीले."

मी घरी येऊन सांगितलं. आई कणकेचा गोळा दाबत होती. "सात वाजता?" एवढंच म्हणाली.

त्या सकाळी बाबांनी रिक्षा आणू का विचारलं. सात घरांच्या ओळीत रिक्षा! आईनं काठी मागितली. डाव्या हातात काठी, उजवीकडे मी. ती पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडत होती. उजवा पाय मागून फरफटत यायचा, मातीत त्याची रेघ उमटायची. दर घराच्या ओट्याशी थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा निघायचं. ओटे रिकामे होते, बाया सगळ्या पापडांना गेलेल्या. मिश्राभाभींच्या ओट्यावर ती बसली तेव्हा तिचा चेहरा घामानं निथळत होता. मी म्हटलं, "आई, परत जाऊ या का?" ती म्हणाली, "परतही तेवढंच चालावं लागते, येडे." खरं तर तेवढंच नव्हतं, कितीतरी कमी होतं, पण मी तिला उठायला हात दिला. चौथ्या घराशी काठी निसटली, मी उचलून दिली. पाचव्याशी ती बराच वेळ थांबली, भिंतीला कपाळ टेकून. मला वाटलं संपलं आता. ती म्हणाली, "चाल."

सुशीलाकाकूंच्या दाराशी पोचलो तेव्हा आठ वाजत आले असतील. आत पाच बाया पोळपाट मांडून बसलेल्या, मध्ये उडदाच्या पिठाच्या लांब लांब सुरळ्या, कुटून, तेल लावून तयार. त्या सुरळ्यांच्या लाट्या दोऱ्यानं कापायच्या असतात. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं हातात, आणि सरसर कापत जायचं. एक हात, एक पाय, बस झालं. ते काम आईसाठी राखून ठेवलेलं होतं आणि म्हणून सगळं अडून बसलं होतं. काकू आतून पाठमोऱ्याच ओरडल्या, "काहून वं वयनी, हे काय सात वाजले का? पीठ वाळून राहिलं इथं! साऱ्या जणी लाटणं घेऊन तोंडं पाहून राहिल्या एकमेकींची! घरी झोपा काढून राहिली होती का?"

आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं. घामानं भिजलेली आई, काठी, मी. काकूंनी जीभ चावली. सगळ्या बायांनी लाटणी खाली ठेवली. चार महिन्यांत आईशी कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. डॉक्टर, बाबा, मी, शेजारणी, सगळे तिच्याशी तान्ह्या लेकराशी बोलावं तसे बोलत आलो होतो.

आई चौकटीला धरून उभी होती. तिचं ते वाकडं झालेलं तोंड आणखीच एका बाजूला ओढलं गेलं. मला वाटलं ती रडते आहे, मी घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"ऐकलं का सुमे?" ती म्हणाली. "मले रागावून राहिली सुशीला!" आणि दारातच ती इतकी हसायला लागली, इतकी, की मला तिला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं.